शनिवारी रांधलेले

सूरए आराफमधली शनिवारवाल्यांची हकीकत आपण लहानपणीच ऐकलेली असते. शनिवारी मासेमारीला मनाई. म्हणून शुक्रवारी जाळी लावायची आणि रविवारी मासे काढायचे, अशी पळवाट त्यांनी काढल्याचे मुफस्सिर सांगतात. पण शनिवार पाळणारे खरेखुरे यहुदी आम्हां कोकणी मुसलमानांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी होते, हे आपण विसरलो आहोत. अलिबागकडच्या गावांत बेने इस्राईल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते ‘शनवार तेली’. प्रार्थनास्थळालाही ते मशीदच म्हणत. मुंबईत १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली ती ‘जुनी मशीद’. मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडले, असे ते सांगतात.

घाणा बंद ठेवला तर प्रश्नच नाही. पण शनिवारी कुणी चूल पेटवून हंडी शिजवलीच, तर त्या अन्नाचे काय? इ. स. च्या दुसऱ्या शतकातल्या रब्बींमध्ये यावर तीन मते होती. रब्बी मेईर म्हणत, चुकून रांधले असेल तर त्याच दिवशी खावे, जाणूनबुजून असेल तर दिवस सरेपर्यंत खाऊ नये. रब्बी योहानान सांदलार सर्वांत कडक : मुद्दाम रांधलेले कुणीच कधीही खायचे नाही. रब्बी यहूदा मधले : चुकीचे अन्न रात्री सर्वांना चालते, मुद्दाम रांधणाऱ्याला ते कायमचे बंद, इतरांना मात्र शब्बाथ संपताच मोकळे. योसेफ कारो यांच्या १५६५ साली छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ने हेच मत धरले. आम्हांला यात मोठी समज दिसते. अन्न नासलेले नाही. रांधणाऱ्याला त्याच्या कृत्याचा लाभ मिळू नये, एवढेच.

पुढे हे लोक मुंबई, कुर्ला, ठाणे इथे आले. मुलुंड ओलांडले की ठाणे. तिथे १८७९ चे शाआर हशामाईम सिनेगॉग उभे आहे. रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या, पण शनिवार कामाचा दिवस. शास्त्र म्हणते, शब्बाथची वेगळी मजुरी घेऊ नये, महिन्याच्या पगारात मिसळलेली चालते. पण ही सवलत पहाऱ्यासारख्या कामाला; लेखणी चालवणे मुळातच निषिद्ध. कारकुनाची सुटका नव्हती, आणि घर तर त्याच पगारावर चालायचे.

जुम्याच्या अजानीनंतर झालेल्या सौद्याबद्दल आपल्या फुकहांतही असाच मतभेद आहे. हंबलींच्या मते तो सौदा होतच नाही. हनफी आणि आम्ही शाफई म्हणतो, गुनाह झाला, पण सौदा झाला. अंधेरी-बोरिवलीच्या कचेऱ्यांत शुक्रवारी दुपारी आपलीच किती मुले घड्याळाकडे पाहत बसलेली असतात!