गावांची नावे टोमणा कशी झाली?

मराठीत येरवडा आणि ठाणे, हिंदीत आग्रा आणि रांची, तमिळमध्ये किल्पॉक. ही सारी स्थळनामे त्या त्या भाषेत टोमणा म्हणून वापरली जातात. ‘याला येरवड्याला पाठवा’ असे वर्गात कोणी म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही, सगळे हसतात. त्या हसणाऱ्यांत एखादा असा असतो की ज्याला आठवडाभर झोप लागलेली नसते. तोही हसतो आणि आपली व्यथा कोणाला सांगायची नाही, हे मनाशी पक्के करतो.

या टोमण्याला इतिहास आहे. १८५८ च्या कायद्याने ब्रिटिश भारतात वेड्यांच्या आश्रयगृहांची रीतसर व्यवस्था लावली. १९१२ चा ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ पुढे सात दशकांहून अधिक काळ लागू राहिला. त्यात स्वेच्छेने दाखल होण्याची वाट होती. परंतु मुख्य मार्ग जात असे तो दंडाधिकाऱ्याच्या हुकुमातून. ताप आलेला माणूस वैद्याकडे जाई, मन बिघडलेल्या माणसाला मात्र पोलीस नेत. उंच भिंतींच्या आत गेलेली व्यक्ती समाजाच्या दृष्टीआड होई आणि बरी होऊन परतलेली व्यक्ती आपण कोठे होतो हे सांगत नसे. त्यामुळे लोकांना दिसला तो केवळ आजार; बरे होणे कधी दिसलेच नाही. कलंक पोसला गेला तो या अदृश्यतेवर.

भिंतीला पहिले खिंडार पडले ते शिक्षणसंस्थांतून. कलकत्ता विद्यापीठात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथेच घडलेले डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. सामान्य रुग्णालयातील असा हा भारतातील पहिला विभाग मानला जातो. खोकल्याचा रुग्ण आणि उदासीनतेचा रुग्ण एकाच फाटकातून आत येऊ लागले, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दोघेही दिसू लागले.

दुसरा धडा अमृतसरचा. तेथील मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक शुश्रूषेत सहभागी होत, आजार समजावून घेत, इतर रुग्ण सुधारताना पाहत. घरी परतताना ते केवळ आपला माणूस नेत नसत, त्याच्या आजाराविषयीची समजही सोबत नेत. कलंक कमी करणारे शिक्षण कसे असावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

आधुनिक संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चौदा देशांतील ७२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रौढांमध्ये, आजारातून सावरलेल्या व्यक्तींशी प्रत्यक्ष भेट अधिक परिणामकारक ठरली. किशोरवयीनांमध्ये माहितीपर शिक्षण. महाविद्यालयीन विद्यार्थी या दोन वयांच्या उंबरठ्यावर उभा असतो. म्हणून त्याला दोन्ही हवे: आजाराचे शास्त्र आणि आजारातून उठून उभे राहिलेल्या माणसाशी संवाद. भित्तिपत्रकांचा सप्ताह साजरा करून हे साधत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. यामागे डॉक्टरांची टंचाई आहेच, पण लाजही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कलंक कमी करण्याचे कार्यक्रम आखणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे, असे म्हटले. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश दिला.

समुपदेशकाची खोली आता उघडेल. पण त्या खोलीत शिरताना मित्र पाहतील या भयाने विद्यार्थी दारातूनच परतला, तर १९१२ ची भिंत अजून उभीच आहे असे म्हणावे लागेल. कायदा खोली देऊ शकतो. त्या दारापर्यंतचा रस्ता निर्धास्त करणे वर्गातल्या सोबत्यांच्याच हाती आहे. पुढच्या वेळी कोणी ‘येरवडा’ म्हणून हसेल, तेव्हा आपण हसू नये. एवढ्यानेही शेजारच्या बाकावरच्या कोणाला तरी बोलण्याचा धीर येईल.

(बोलावेसे वाटत असेल तर ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.)