खानावळीतलं कालवण

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढायला घेतली. पुढे गिरण्या वाढल्या तशा लालबाग-परळच्या चाळी कोकणातून नि घाटावरून एकट्याने आलेल्या पुरुषांनी भरल्या. त्यांना जेवू घातलं खानावळवाल्या बायांनी. माझी आजी त्यांतलीच.

तिचं वाटाण्याचं कालवण मी आजही तसंच करते. कांदा नि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, लसूण घालून पाट्यावर वाटायचं. तेलात वाटण, हळद, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला वर्षाचा लाल मसाला. कडेने तेल सुटलं की शिजलेले वाटाणे आणि पाणी, तेही गरमच. ओला नारळ महाग. सुक्या खोबऱ्याचा लहानसा तुकडाही रस्सा दाट करी.

जेवणाचे पैसे मिळत ते गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, आणि अशा बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. मला हे गिरणगावातलं फार मोठं काम वाटतं. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबले, तरी आजीने जेवायला येणाऱ्या कुणाला परत पाठवलं नाही. वही मात्र भरत गेली, आणि त्यातली बरीच येणी कधीच वसूल झाली नाहीत.