फाउंटन पेनविषयीचे गैरसमज : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

लेखनसाधनांच्या इतिहासात फाउंटन पेनाचे स्थान चमत्कारिक आहे. सुमारे पाऊणशे वर्षे ते सुशिक्षितांच्या दैनंदिन व्यवहाराचे साधन होते. बॉलपेनने ती जागा घेतल्यावर ते हौसेची, भेटवस्तूची आणि स्वाक्षरीची वस्तू बनले. मराठीत त्याला 'झरणी' असा सुबक शब्द मिळाला, पण तो कोशातच अधिक राहिला. लोकांच्या तोंडी 'शाईचे पेन' हेच नाव रुळले. साधन मागे पडले तरी त्यासंबंधीची सल्लावजा वाक्ये मात्र टिकून राहिली. 'आपले पेन दुसऱ्याला देऊ नये, निब बिघडते', 'निब सोन्याचीच असावी', 'पेन निम्मेच भरावे म्हणजे गळत नाही', 'महत्त्वाच्या कागदावर ब्लू-ब्लॅकने सही करावी' ही त्यांपैकी काही.

अशा वाक्यांची सामान्यतः अज्ञान म्हणून बोळवण केली जाते. ते पुरेसे नाही. त्यांतील बहुतेक वाक्ये कोणत्या तरी काळी, विशिष्ट धातू, विशिष्ट शाई आणि विशिष्ट रचना यांच्या संदर्भात खरी होती; काही उत्पादकांच्या जाहिरातींतून जन्मली. पुढे द्रव्ये बदलली, वाक्ये तशीच राहिली. म्हणूनच हे गैरसमज तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही वाचता येतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख समजुतींचा या दृष्टीने विचार केला आहे.

विम्याच्या करारावरील डाग

पहिला गैरसमज खुद्द शोधाविषयीचा आहे. न्यूयॉर्कमधील विमा प्रतिनिधी लुइस एडसन वॉटरमन एका मोठ्या करारावर ग्राहकाची सही घेत असताना पेनातून शाई सांडली, नवा कागद आणेपर्यंत प्रतिस्पर्ध्याने ग्राहक पळवला आणि त्या संतापातून वॉटरमनने न गळणारे पेन शोधले, अशी ही कथा. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून ती अनेकदा सांगितली जाते. परंतु वॉटरमनचे निधन १९०१ मध्ये झाले आणि ही कथा ठळकपणे पुढे आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, कंपनीच्या प्रचारसाहित्यातून. अलीकडच्या अभ्यासकांनी जुने दस्तऐवज तपासून दाखविलेले चित्र बरेच साधे आहे : फ्रँक हॉलंड नावाच्या उत्पादकाने अल्पावधीत सोडून दिलेला पेनांचा धंदा वॉटरमनने हाती घेतला आणि त्या पेनात स्वतःची सुधारणा केली.

तो पहिला शोधकही नव्हता. शाई साठवणाऱ्या आणि उलटे धरले तरी न सांडणाऱ्या लेखणीचे वर्णन दहाव्या शतकातील फातिमी खलिफा अल-मुइझ याच्या संदर्भात सापडते. रुमानियन विद्यार्थी पेत्राके पोएनारू याला १८२७ मध्ये फ्रान्समध्ये अशा पेनाचे पेटंट मिळाले होते. वॉटरमनचे खरे श्रेय १२ फेब्रुवारी १८८४ च्या त्याच्या पेटंटात आहे. निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागात, म्हणजे फीडमध्ये, त्याने बारीक चिरा पाडल्या. त्यांतून केशाकर्षणाने शाई खाली येई आणि तिची जागा घेण्यासाठी हवा वर जाई. पेनाचे सारे मर्म या अदलाबदलीत आहे आणि पुढील कित्येक चुकीच्या सल्ल्यांचे उत्तरही तिच्यातच सापडते. डागाची कथा मात्र हे मर्म झाकून टाकते. ती चिडलेल्या माणसाची गोष्ट सांगते, चिरेची सांगत नाही.

निब : सोने, टोक आणि 'हाताची सवय'

सोन्याच्या निबेचा आग्रह हा जुन्या शाईचा वारसा होय. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून टाकांसाठी पोलादी निबा प्रचंड संख्येने बाहेर पडू लागल्या. त्या काळची प्रचलित शाई मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली, आम्लधर्मी असे. टाकाची निब गंजली तर ती फेकून नवी बसविता येई. पेनाची निब मात्र सतत शाईत राहणार. तेथे साधे पोलाद टिकणे शक्य नव्हते. सोने गंजत नाही, म्हणून ते आले. ही निवड रसायनाची होती. स्टेनलेस स्टील उपलब्ध झाल्यावर तिचे मूळ कारण बहुतांशी संपले. पण तोपर्यंत '१४ कॅरेट' ही अक्षरे प्रतिष्ठेची खूण बनली होती.

शिवाय कागदाला सोने स्पर्शच करीत नाही. सोने मऊ, ते कागदावर लवकर झिजेल. म्हणून टोकावर अतिशय कठीण धातूचा सूक्ष्म मणी जोडला जातो. इंग्लिश रसायनज्ञ स्मिथसन टेनंट याने १८०३ मध्ये ऑस्मियम व इरिडियम ही मूलद्रव्ये शोधली आणि १८३४ च्या सुमारास जॉन आयझॅक हॉकिन्स याने त्यांचे नैसर्गिक संमिश्र सोन्याच्या निबेला जोडण्याचा मार्ग काढला. तेव्हापासून 'इरिडियम पॉइंट' हे शब्द निबांवर कोरले जाऊ लागले. आजच्या टोकांत बहुधा रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन यांची संमिश्रे असतात आणि इरिडियम अनेकदा नसतेच. नाव उरले, धातू गेला.

'निबेला हाताची सवय होते, म्हणून पेन उसने देऊ नये' या समजुतीचा उगमही येथेच आहे. टाकाच्या पोलादी निबेला कठीण टोक नसे. ती लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनाप्रमाणे लवकर घासली जाई आणि दुसऱ्याच्या हातात गेली की खरखरे. तिच्यापुरता हा सल्ला अचूक होता. कठीण टोकाच्या निबेला तशी झीज होण्यास वर्षानुवर्षांचे लेखन लागते. पाहुण्याच्या एका सहीने काहीही बिघडत नाही. पाहुणा जोर देऊन लिहिणारा असेल तर मात्र प्रश्न वेगळा. तेव्हा निबेचे दोन भाग फाकू शकतात. नुकसान दाबाने होते, परक्या हाताने नव्हे.

आपल्याकडील शाळांतून दोन उपाय विशेष प्रचलित होते. नवी निब गुळगुळीत व्हावी म्हणून ती फरशीवर किंवा पाटीवर घासायची आणि शाई उतरेना तर निबेच्या चिरेतून ब्लेड फिरवायचे. पहिल्या उपायाचा गुण कधी कधी खरोखरच येई, कारण स्वस्त निबांना कठीण टोक नसून पोलादच टोकाशी दुमडलेले असे; ते घासले की तात्पुरते गुळगुळीत होई. हाच प्रयोग चांगल्या निबेवर केला की टोक वाकडेतिकडे झिजे. ब्लेडचा उपाय याहून वाईट. चीर टोकाकडे अरुंद होत जाते म्हणूनच शाई टोकापर्यंत ओढली जाते. ती रुंद केली की तो ओढाच नाहीसा होतो आणि पेन कायमचे अडखळते.

'खरी निब लवचीकच असते, तेव्हा दाबून लिहावे' हा सल्ला अलीकडे पुन्हा ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकातील जाड-बारीक वळणांच्या अक्षरांसाठी पातळ, लांब पात्यांच्या लवचीक निबा बनत, हे खरे. परंतु कार्बन कागदाने प्रती काढण्याची गरज वाढली तेव्हा उत्पादकांनी मुद्दाम ताठ निबाही काढल्या. लवचीकपणा पात्याच्या जाडीवर आणि आकारावर ठरतो. धातू सोने आहे की पोलाद, हे दुय्यम.

गळती आणि हवा

भारतात ड्रॉपरने भरावयाची एबोनाइटची पेने दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. स्वदेशी चळवळीच्या काळात आंध्रातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी अशी पेने घडविली आणि १९३५ मध्ये महात्मा गांधींनी पत्राने त्यांची पावतीही दिली. या पेनांत वेगळी नळी वा रबरी पिशवी नसते. संपूर्ण दांडाच शाईचे भांडे. त्यामुळे शाई भरपूर मावते, आणि नेमक्या याच रचनेमुळे 'देशी पेन गळते' हा शिक्काही त्यांच्यावर बसला.

गळतीचे कारण देशी-विदेशी भेदात नाही, हवेत आहे. पेन धरलेल्या हाताची ऊब दांड्याला लागते, आतील हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे ढकलते. हवा जितकी अधिक तितका रेटा मोठा. 'गळू नये म्हणून पेन निम्मे भरावे' हा घरोघरचा सल्ला म्हणूनच उलटा आहे. काठोकाठ भरलेले पेन सुरक्षित असते; शाई तळाशी गेलेले पेनच डाग पाडते. विमानप्रवासातही हेच घडते. उंचीवर विमानातील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीनचतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. तेव्हा पेनातील कोंडलेली हवा सुमारे एकतृतीयांशाने वाढू पाहते. पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवून निब वर केली की ही हवा शाईला न ढकलता बाहेर पडते. पेन विमानात नेऊच नये, या सल्ल्याला त्यापलीकडे आधार नाही.

शाई उतरत नसेल तर पेन झटकावे, ही सवय शाळेच्या भिंतींनी आणि पुढच्या बाकावरील सदऱ्यांनी पुरेशी सोसली आहे. झटका फीडमधील शाई एकदम बाहेर काढतो. अडथळा, म्हणजे वाळलेली शाई, जागच्या जागी राहतो. त्यावर उपाय साध्या पाण्याचा. येथेही गरम पाणी आणि स्पिरिट ही दोन टोकाची औषधे सांगितली जातात. गरम पाण्याने आणि उन्हाने एबोनाइट तपकिरी पडते. स्पिरिटने सेल्युलॉइड आणि जोडांतील लाख विरघळू लागते.

शाई : खरा धोका कोठे आहे

वरील समजुतींनी फार तर एखादे पेन वाया जाते. शाईविषयीच्या समजुतींनी दस्तऐवज वाया जाऊ शकतो, म्हणून त्यांचा विचार अधिक काळजीने करावयास हवा.

'काळ्या शाईने पेन बिघडते' हे वाक्य घ्यावे. महाराष्ट्रातील पारंपरिक शाई काजळी आणि डिंक घोटून केलेली असे. बोरूने लिहिलेले मोडी कागद शतकांनंतरही काळेभोर दिसतात ते या काजळीमुळे. कार्बनवर प्रकाशाचा वा पाण्याचा सहजी परिणाम होत नाही. हीच शाई फाउंटन पेनात भरली तर डिंक वाळतो, काजळीचे कण फीडच्या चिरांत बसतात आणि पेन बंद पडते. इशारा होता तो या प्रकारच्या शाईबद्दल. विरघळणाऱ्या रंगाची काळी शाई निळीइतकीच निरुपद्रवी असते. पुढे इशाऱ्यातील प्रकार गळला आणि रंग तेवढा राहिला.

'ज्या कंपनीचे पेन तिचीच शाई' या आग्रहात व्यापार उघड आहे, पण निव्वळ व्यापार नाही. पार्कर कंपनीने १९४१ मध्ये '५१' हे पेन बाजारात आणले आणि त्यासोबत झटकन वाळणारी एक तीव्र अल्कधर्मी शाई दिली. ती इतर पेनांत वापरू नये, अशी सूचना बाटलीवरच असे. १९४७ मध्ये आलेली तिची सुधारित आवृत्ती 'सुपरक्रोम' हीदेखील तशीच आक्रमक निघाली; रबरी पिशव्या आणि सेल्युलॉइड यांना ती सोसत नसे. म्हणजे 'ही शाई इतर पेनांत नको' हा इशारा रास्त होता. त्याचे 'या पेनात इतर शाई नको' असे उलटे रूप मात्र विक्रेत्यांच्या सोयीचे ठरले. याच कंपनीची १९३१ पासूनची 'क्विंक' कोणत्याही पेनात बिनधोक चाले, याची आठवण तेव्हा कोणी करून देत नसे.

सर्वांत गंभीर गैरसमज ब्लू-ब्लॅकचा आहे. या नावात मुळात एक रासायनिक घटना दडलेली होती. मायफळातील टॅनिन आणि हिराकसातील लोह यांची शाई ताजी असताना फिकट असते. लिहिलेले दिसावे म्हणून तीत निळा रंग मिसळत. कागदावर हवा लागली की लोहाचे ऑक्सिडीकरण होई, अक्षर काळे पडे आणि कागदाच्या तंतूंत कायमचे बसे. निळ्याची काळी होणारी, म्हणून ब्लू-ब्लॅक. सरकारी नोंदी, खरेदीखते, मृत्युपत्रे यांसाठी तिचा आग्रह धरला जाई तो या गुणामुळे. ब्रिटनमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांसाठी लोहयुक्त 'रजिस्ट्रार' शाई विसाव्या शतकभर वापरात होती. भारतीय मानकांतही लोह-टॅनेट शाई आणि केवळ रंगावर आधारलेली शाई यांना वेगवेगळे ठेवले आहे.

आज या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शायांत लोह नसते. गडद निळ्या छटेचे ते केवळ नाव आहे. अशी शाई ओल लागताच पसरते, उन्हात फिकी पडते. तेव्हा वडिलांचा सल्ला मानून ब्लू-ब्लॅकने मृत्युपत्रावर सही करणारा माणूस एका रंगछटेवर विश्वास ठेवीत असतो. उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते : जुन्या लोहयुक्त शाईत आम्ल आणि लोह यांचे प्रमाण अधिक झाल्यास तिने कागदच खाल्ल्याची उदाहरणे युरोपातील अभिलेखागारांना परिचित आहेत. टिकाऊपणा आणि दाहकता एकाच द्रव्यातून येतात. पेनासाठीच्या आधुनिक लोहशाईत हे प्रमाण पुष्कळ कमी ठेवलेले असते. तरीही ती पेनात महिनोन्महिने वाळू देणे इष्ट नव्हे.

बाटलीवरील नावावरून हा भेद कळत नाही, पण तो तपासणे अवघड नाही. कागदाच्या तुकड्यावर एक ओळ लिहून तो आठवडाभर उघड्या हवेत ठेवावा आणि नंतर त्याचा अर्धा भाग रात्रभर पाण्यात बुडवावा. लोहयुक्त शाईचा निळा रंग जातो आणि मागे करडे-काळे अक्षर स्पष्ट राहते. साध्या धुण्याजोग्या शाईचे पाणी निळे होते आणि कागद जवळजवळ कोरा निघतो.