लालबाग परळ : भोंगा बंद झाल्यावर

१९८२चा जानेवारी. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीत तुम्ही उभे आहात. सकाळचे सात वाजत आलेत. मोरीत कोणीतरी तांब्या आपटतंय, शेजारी स्टोव्हला पंप मारणं चाललंय, आणि या सगळ्यावरून भोंगा वाजतो. आधी एका मिलचा, मग दुसरीचा. डबे घेतलेली माणसं जिना उतरतात. त्याच जिन्याने रात्रपाळीवाले वर येतात, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण मावतात ते या भोंग्याच्या हिशेबावर. एक कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा पाठ टेकतो.

खाली पानवाल्याकडे मात्र वेगळाच विषय. ११ तारखेला वडाळ्याला, आंबेडकर कॉलेजजवळ, पोलिसांनी गुंड मन्या सुर्वेला मारला. ‘कीर्ती कॉलेजात शिकलेला पोरगा हो,’ असं कुणी सांगतं आणि नाक्यावरची पोरं कान टवकारतात. त्यांच्या बापांचं तिकडे लक्ष नाही. त्यांच्या तोंडी एकच नाव, डॉक्टर. कामगार नेते दत्ता सामंतांनी हाक दिलीय, १८ तारखेपासून संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडणार. मान्यताप्राप्त युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघ, पण तिच्यावर विश्वास उरलाय कोणाचा? दोन-तीन महिन्यांत मिटेल, असं जो तो म्हणतोय.

आता वर्षभर पुढे या. चाळ तीच, सकाळ तीच, भोंगा नाही.

खोलीत पाऊल टाका. सगळे घरात आहेत, एकाच वेळी. बाप भिंतीला टेकून बसलाय, हातातलं वर्तमानपत्र कालचं. तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, फळीवर त्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे राहिलेत. वाण्याची वही भरली. आई पोळ्या लाटतेय, दुसऱ्यांच्या डब्यांसाठी. मोठ्या पोरानं ताट ओढलं की बाप त्याच्याकडे बघतो. बोलत काहीच नाही. पोरगा अर्धवट जेवून उठतो आणि नाक्यावर जाऊन बसतो. तिथे भाई खांद्यावर हात ठेवतो, चहा पाजतो, वडापाव खिलवतो, महिनाभर काही मागत नाही. मग एक पुडकं देतो, ‘एवढं भायखळ्याला पोचव.’

गँग अशी बनते. शौर्याच्या ओढीनं जाणारे असतीलही, पण गिरणगावातली कितीतरी पोरं गेली ती खोलीत बसायला जागा उरली नाही म्हणून. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि नाक्यावर गेलेली पोरं घरी परतली नाहीत.

७ मे १९९४. तुम्ही महालक्ष्मीला आहात. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना गाडीतच गोळ्या घातल्या जातात. भायखळ्याची मिल बोरिवलीला हलवून जमीन मोकळी करायची त्यांची योजना होती. एव्हाना गिरणीच्या कापडाहून तिच्याखालची जमीन मोलाची झालीय आणि टोळ्यांना ते कळलंय. तीन वर्षांनी, १६ जानेवारी १९९७ला, पवईत डॉक्टर सामंतांचाही खून होतो.

आणि हे २०१०. थिएटरच्या अंधारात महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ सुरू आहे. मूळ नाटक जयंत पवारांचं ‘अधांतर’. पवार स्वतः लालबागचे, गिरणी कामगाराचे चिरंजीव. नाटक खोलीचा उंबरा सोडत नाही, सिनेमा गल्लीत उतरतो. ज्या सिद्धार्थ जाधवला बघून तुम्ही आजवर हसत आलात, तो स्पीडब्रेकर होऊन येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. रक्त मात्र फार सांडलंय. मारामारी रंगली की पुढच्या रांगांतून शिट्ट्या पडतात, आणि संपाची गोष्ट तेवढा वेळ मागे पडते. मला विचाराल तर यातला खरा थरार घरातल्या प्रसंगांत आहे. घरातला पोरगा नरू पैसे घेऊन येतो, ते कुठून आले हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि चूल तर पेटवायचीच असते.