भागमतीची कथा : लोकस्मृती आणि इतिहास

हैदराबादच्या पुराना पुलाविषयी एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोवळकोंड्याचा राजपुत्र मुहम्मद कुली मूसी नदीपलीकडील चिचलम गावच्या भागमतीवर अनुरक्त झाला. पूर आलेल्या नदीत त्याने घोडा घातला, म्हणून पिता इब्राहिम कुतुबशहाने पूल बांधला. पुढे मुहम्मद कुलीने तिच्या नावे भागनगर वसविले. तिला ‘हैदर महल’ हा किताब मिळाल्यावर शहराचे नाव हैदराबाद झाले.

ही कथा कालक्रमाच्या कसोटीवर तपासली असता अडचण येते. पूल १५७८ साली पूर्ण झाला. मुहम्मद कुलीचा जन्म १५६५ च्या सुमाराचा. म्हणजे तेव्हा तो जेमतेम १३ वर्षांचा होता. प्रा. हारून खान शेरवानी यांनी हाच आक्षेप घेऊन भागमतीचे अस्तित्वच नाकारले. तिच्या नावाचा शिलालेख, नाणे किंवा कबर आढळत नाही. कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारात तारामती व प्रेमामती या कलावंतिणींच्या कबरी आहेत, हे लक्षात घेता ही उणीव अधिकच जाणवते. ‘हैदर’ हा हजरत अलींचा किताब असून शिया कुतुबशहांनी त्यावरून शहराचे नाव ठेवणे स्वाभाविक होते.

तथापि कथा केवळ उत्तरकालीन कल्पना आहे, असेही म्हणता येत नाही. चारमिनार १५९१ चा. त्यानंतर लवकरच अकबराचा वकील म्हणून दक्षिणेत आलेल्या फैजीने भागमती व भागनगर यांचा उल्लेख केला. विजापूर दरबारातील फरिश्त्यानेही तो केला. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये व थेव्हेनो यांनी १७ व्या शतकात शहराला याच धाटणीच्या नावाने ओळखले. मराठी बखरी व पत्रव्यवहारात तर ‘भागानगर’ हेच नाव रूढ होते. मात्र फैजी आणि फरिश्ता दोघेही परक्या दरबारांतील. शेजाऱ्याविषयीची चटकदार वार्ता त्यांनी टिपली असेल; उलट, घरच्या तवारीखकाराने गैरसोयीची गोष्ट गाळलीही असेल. मौन हा निर्णायक पुरावा नव्हे. नरेंद्र लूथर यांनी भागमतीची बाजू मांडली, ती अशाच साधनांच्या आधारे.

म्हणून येथे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. भागमती होती काय, हा एक. आणि शहराने तिची कथा का जपली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अनिर्णित आहे. दुसऱ्याचे उत्तर मूसीकाठी सापडते. राजा आणि सामान्य स्त्री, फारसी दरबार आणि तेलुगू गाव यांना जोडणारी कथा शहराला आपलीशी वाटली. पुलासारखी डोळ्यांसमोरची वास्तू साक्षीला असल्याने ती टिकली.

आज शहराच्या नावावरून वाद रंगतात तेव्हा दोन्ही पक्ष या कथेला दस्तऐवजाचा किंवा थोतांडाचा शिक्का मारतात. वर्गात विद्यार्थी ही कथा घेऊन येतो तेव्हा शिक्षकाने त्याला हसून परतवू नये, तसेच मानही डोलवू नये. कथा प्रथम कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी आणि कोणत्या दरबारात बसून, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याला विचारता आले, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे समजावे.