यादीत नसलेलं नुकसान

आत्या किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट त्या रात्रीपासून सुरू करत नाही. ती आदल्या वर्षीच्या दिवाळीवर जाते. १९९२ च्या ऑक्टोबरात जमिनीतून गुरगुर यायची, उतरंडीतली गाडगी आपोआप वाजायची. माणसं काही दिवस अंगणात निजली. मग आवाज कमी झाले आणि जो तो आपल्या घरात परतला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्री गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती.

"माय, आम्हाला आमच्या घरानंच मारलं," असं ती म्हणते, आणि ते शब्दशः खरं आहे. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दर साली नवी माती चढवायची, जुनी कुणी काढायचं नाही. पिढ्यान् पिढ्यांची माती डोक्यावर साचत गेली. ऐन वैशाखात घर कसं गार राहतं, याचं आजोबांना केवढं कौतुक होतं! लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक या दगडमातीखाली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल आत्या सावकाश बोलते. पाऊस लागलेला. मुडदे निघत होते आणि एकच घाई चाललेली, लवकर जाळा, नाहीतर रोगराई पसरेल. घरांच्या तुळया ओढून काढल्या, त्याच चितेला लावल्या. एकेका चितेवर कितीतरी जण. तिची जाऊ त्यातच गेली. "तोंड बघायला मिळालं न्हाई. कोणत्या ढिगात व्हती, ते बी कुणी सांगितलं न्हाई."

हे ऐकताना दर वेळी आत काहीतरी तुटतं, कारण ती घाई गरजेची नव्हती. दुखापतीने मेलेल्या माणसाच्या देहातून सहसा साथ पसरत नाही. साथ पसरते जिवंत माणसांच्या हालातून. विहिरीत मैला उतरतो, पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने माणसं राहतात, लेकरांची लस चुकते. आधी पाण्याकडे धावायचं असतं. प्रेताची ओळख पटवायला, नोंद करायला, घरच्यांना एकदा चेहरा दाखवायला वेळ असतो. त्या चिखलात राबणाऱ्या हातांना मी दोष देणार नाही. त्यांना जे सांगितलं गेलं, ते त्यांनी केलं. पण दर आपत्तीत हीच भीती पुन्हा उठते, म्हणून हे स्पष्ट लिहायला हवं. आत्याच्या आठवणीत टँकर आहेत, ब्लीचिंग पावडरचा उग्र वास आहे, टोचून घ्यायच्या रांगा आहेत. मोठी साथ आली नाही, ती या कामामुळे.

पंचनाम्याच्या यादीत घर, बैल, भांडी, मेलेली माणसं सगळं आलं. एक नुकसान मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. दोन-तीन लेकरांवर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेल्या कितीतरी बाया त्या भागात होत्या. सरकारचं ऐकून, शहाणपणाने केलेलं ते काम. त्यातल्या काहींची सगळीच लेकरं एका रात्रीत गेली. आत्याच्या शेजारची एक बाई शेडमध्ये आलेल्या प्रत्येक डॉक्टरला पट्ट्या, गोळ्या काही न मागता एकच विचारायची, "माझं ऑपरेशन उलटं करता येतं का?" पुढे अशा बायांवर नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. नळी किती कापली, कुठे कापली, यावर यश ठरतं. कुणाची कूस उजवली, कुणाची नाही. तोवर काही बाप्यांनी दुसरी लग्नं लावून घेतली होती. आत्या ते सांगते आणि गप्प होते.

५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या मापाने मिळाली, २५० चौरस फुटांपासून ७५० पर्यंत. भिंती पक्क्या, रस्ते रुंद, पण गल्ली मोडली. ज्यांच्या ओसरीवर बसून दुखणं-खुपणं बोलायचं, ते जमिनीच्या हिशेबाने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. म्हातारी माणसं उंबऱ्यात एकटी बसू लागली. कित्येक जण तर नव्या घरातही वर्षानुवर्षं दारापुढे पत्रा टाकून निजले. छपराखाली झोप लागत नव्हती. या आजाराला गावात नाव नव्हतं, "भ्या बसलंय" एवढंच म्हणायचे.

ते भ्या ओळखलं बायांनी. अणदूरच्या डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बाया निवडून त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यांना 'भारतवैद्य' म्हटलं. ताप, जुलाब, बाळंतपण यांची जाण असलेली ही बाई गावचीच असायची. घरांच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने 'संवाद सहायक' म्हणून बायांनाच उभं केलं. आत्याकडे अशीच एक जण यायची. नाडी बघायची, साखर-चहा मागायची आणि तासभर बसायची. जावेच्या चितेची गोष्ट आत्याने पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितली ती तिलाच. बाहेरून आलेले डॉक्टर भले होते, रात्रंदिवस खपले, पण त्यांना परत जायचं होतं.

त्यानंतर माळीणवर दरड कोसळली, २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर झाला, इर्शाळवाडीवर दरड आली. कुठे बोटी, कुठे जेसीबी, कुठे ट्रकभर कपडे पोचले. ते हवंच. पण कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कुणाची क्षयाची गोळी चालू आहे, कोण म्हातारा एकटा राहतो, हे आज गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईला ठाऊक असतं. तिला मिळतो तो अपुरा मोबदला, तोही पुष्कळदा उशिरा. येत्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या गावचा आपत्ती आराखडा कुठे आहे, आणि त्यात आशाताईचं नाव आहे का? नसेल, तर त्याच सभेत लिहून घ्या.