रस्ता दत्तक घेताना



हायवेच्या कडेला 'अॅडॉप्ट-अ-हायवे' ही पाटी आणि तिच्याखाली एखाद्या शाळेचे किंवा क्लबचे नाव आपण सर्वांनीच पाहिले आहे. आपल्या मंडळाचेही नाव तिथे लागावे, अशी सूचना बऱ्याच सभासदांकडून आली. त्यानिमित्ताने ही माहिती एकत्र देत आहोत.

कल्पना मूळची टेक्सासची. टायलर शहराजवळ १९८४ साली रस्ते खात्याचे इंजिनियर जेम्स इव्हान्स यांना पुढच्या पिकअप ट्रकमधून कचरा उडताना दिसला. सफाईचा खर्च वाढतच होता, म्हणून त्यांनी स्थानिक संस्थांना विचारून पाहिले. कोणी पुढे येईना. मग खात्यातल्याच बिली ब्लॅक यांनी सुरक्षेचे प्रशिक्षण, जाकिटे, पाटी असे सगळे बसवून योजनेला आकार दिला. मार्च १९८५ मध्ये टायलर सिव्हिटन क्लबने हायवे ६९ चा दोन मैलांचा तुकडा दत्तक घेतला. पुढे ही कल्पना देशभर पसरली.

आपल्या मेरीलँडमध्ये एक ते तीन मैलांचा रस्ता दोन वर्षांसाठी मिळतो आणि वर्षातून चार वेळा साफ करावा लागतो. संस्थाच हवी असे नाही, एखादे कुटुंबही घेऊ शकते. मात्र इंटरस्टेट मिळत नाही. तिथे 'स्पॉन्सर-अ-हायवे' ही वेगळी योजना आहे. कंपनी पैसे भरते आणि सफाई कंत्राटदाराची माणसे करतात.

इंटरस्टेट का देत नाहीत, हे एकदा साध्या रस्त्याच्या कडेला उभे राहिले की कळते. आमच्यापैकी काही जण दुसऱ्या एका गटाबरोबर गेलो होतो. पहिला मोठा ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने एकाची टोपी थेट गवतात! गाडीत बसून जो वेग जाणवतही नाही, तो पायी माणसाला पोटात जाणवतो. (भारतातून आलेल्या एका आजींनी "शिकूनसवरून रस्ता झाडायला आलात का रे?" असे विचारले. नंतर हातमोजेही मागितले, ते निराळे.)

आपण तासा-दोन तासांत घरी येतो. रस्त्याचे कामगार रोज तिथेच असतात. २२ मार्च २०२३ रोजी बाल्टिमोरच्या ६९५ बेल्टवेवर भरधाव गाड्यांची टक्कर झाली, एक गाडी कामाच्या जागेत घुसली आणि सहा कामगार जागीच गेले. वर्षभराने, २६ मार्च २०२४ च्या रात्री, की ब्रिज कोसळला तेव्हा गेलेले सहाजण पुलावरचे खड्डे बुजवत होते. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय, म्हणून आपल्या घरांत जहाजाचीच चर्चा अधिक झाली.

देशभरात २०१९ ते २०२३ या प्रत्येक वर्षी कामाच्या टप्प्यांत आठशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत कामगारांपेक्षा गाडीतलीच माणसे जास्त. नारिंगी पाटी दिसली की वेग कमी करायचा तो आपल्यासाठीही. मेरीलँडमध्ये अशा जागी कॅमेऱ्याचा दंड पूर्वी ४० डॉलर होता. २०२४ मध्ये तो ८० झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून वेगाप्रमाणे चढत जातो. कामगार हजर असतील तर दुप्पट. शिवाय 'मूव्ह ओव्हर' कायदा ऑक्टोबर २०२२ पासून आणखी व्यापक झाला आहे. धोक्याचे दिवे लावून थांबलेली कोणतीही गाडी दिसली तर एक लेन सोडून जावे, ते शक्य नसेल तर वेग कमी करावा.

आता प्रत्यक्ष सफाईबद्दल. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे, पाठ करून नाही. जाकीट पूर्ण वेळ अंगावर हवे, कानात गाणी नकोत. एका वेळी एकच बाजू. विसरलेली पिशवी आणायला रस्ता ओलांडू नये. पुलावर आणि मधल्या दुभाजकावर जाऊ नये. पाऊस किंवा अंधार झाला तर काम तिथेच थांबवावे. सुया, बंद डबे, अनोळखी द्रव असलेल्या बाटल्या यांना हात न लावता खात्याला कळवावे. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या आणि पायमोजे घालावेत, कारण गवतात गोचिडी असतात आणि तीन-तीन पानांची पॉयझन आयव्हीही.

मुलांना आणायचे असल्यास वयाची अट आधी विचारून घेऊ. यायची इच्छा असलेल्यांनी समितीला कळवावे. हातमोजे आपापल्या मापाचे आणावेत.